5,004 सिट-अप्स

(दृश्य: पहाटेची जिम. रबरी मॅट, भिंतभर आरसा, कुरकुरणारा पंखा. पन्नाशीतले एक गृहस्थ पाठीवर झोपून क्रंचेस मारताहेत.)

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. पुण्यातली एक जिम. नाशिकची किंवा डोंबिवलीची म्हणून दाखवली तरी कुणाला शंका येणार नाही. मॅटवरचे काका बराच वेळ मान आणि खांदे उचलून पोटाशी झटापट करताहेत. मधेच थांबतात, पोट चिमटीत धरून बघतात, पुन्हा सुरू.

आम्ही विचारलं, हाच व्यायाम का? म्हणाले, "पोट कमी करायचंय, तर पोटाचाच करायला नको का?"

बिनतोड आहे. भांडं जिथे करपलंय तिथेच आपण घासतो. दंड सुटले तर दंडाचा व्यायाम, मांड्या जाड तर मांड्यांचा. जिमच्या भाषेत याला आयसोलेशन म्हणतात. एकच सांधा हलवायचा, एकाच स्नायूला राबवायचं, बाकीचं अंग बाकाला टेकून स्वस्थ. याच्या उलट बैठक, जोर, जमिनीवरून वजन उचलणं, दोरी चढणं. यात चार-पाच सांधे आणि निम्म्याहून जास्त अंग एकदम कामाला लागतं. जिमवाले त्याला कंपाऊंड म्हणतात. तालमीत त्याला वेगळं नावच नाही. तिथे त्याला मेहनत म्हणतात.

(दृश्य: रेखाचित्र. आडवा माणूस उठतो, पडतो, उठतो. कोपऱ्यात आकडा वाढत जातो.)

काकांचा प्रश्न अमेरिकेत फ्रँक कॅच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाला लावला. 1984 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. 13 पुरुषांनी 27 दिवस सिट-अप्स काढल्या. प्रत्येकाच्या एकूण 5,004, म्हणजे दिवसाला सरासरी 185. प्रयोगाच्या आधी आणि नंतर सुई टोचून चरबीचे नमुने घेतले. पोटावरून, पाठीवर खांद्याच्या पात्याखालून आणि ढुंगणावरून.

चरबीच्या पेशी थोड्या आकसल्या होत्या. पण तिन्ही ठिकाणी, आणि सारख्याच. पाच हजार सिट-अप्सचा जितका फायदा पोटाला झाला, तितकाच पाठीला आणि बुडाला झाला, ज्यांनी त्यात काहीच केलं नव्हतं.

त्याआधी, 1971 मध्ये, कॅलिफोर्नियात टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले होते. कल्पना फार सुरेख होती. ज्या हाताने वर्षानुवर्षं रॅकेट फिरवली तो हात, आणि ज्याने फक्त चेंडू उडवला तो हात. माणूस तोच, जेवण तेच. खेळणारा हात घेराने मोठा निघाला, कारण त्यात स्नायू जास्त होता. कातडीखालच्या चरबीचा थर मात्र दोन्हीकडे तेवढाच.

(दृश्य: गावाची पाण्याची टाकी. तिला जोडलेले पाइप. एका घरात नळ सुटतो.)

असं का होतं, ते गावच्या नळयोजनेकडे बघितलं की कळतं. पाणी कुठल्याही विहिरीतून उपसा, ते आधी टाकीत पडतं आणि मग सगळ्या नळांना येतं. तुमच्या दारातल्या विहिरीचं पाणी तुमच्याच नळाला येईल असा हट्ट चालत नाही. व्यायाम सुरू झाला की ॲड्रिनलिनसारखी संप्रेरकं रक्तातून अंगभर फिरतात. चरबीच्या पेशींमधून फॅटी ॲसिडं सुटतात, रक्तात मिसळतात आणि राबणाऱ्या स्नायूपर्यंत पोचतात. ती पोटावरून आली की पाठीवरून, हे स्नायूला ठाऊक नसतं. कोणती विहीर आधी आटणार हे आनुवंशिकता, वय, संप्रेरकं आणि तुम्ही बाई की पुरुष यावर ठरतं. पोटाची विहीर पुष्कळ पुरुषांच्या बाबतीत फार उशिरा आटते, हे दुर्दैव खरं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एक बारीक अपवाद आहे. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2007 मध्ये लोकांना एकाच पायाचा व्यायाम करायला लावला. राबणाऱ्या स्नायूलगतच्या चरबीत रक्तप्रवाह वाढला आणि चरबीही किंचित जास्त सुटली. पण ते प्रमाण इतकं कमी, की त्याच्या भरवशावर पँट सैल व्हायची नाही. आमचा अंदाज असा, की पोटाचे पट्टे विकणारे याच "किंचित" शब्दावर बंगले बांधतात.

पट्ट्याचं निघालंच आहे तर घामाचंही सांगून टाकू. घाम गळला म्हणजे चरबी वितळली, हा समज पार चुकीचा. ऑस्ट्रेलियातल्या मीरमन आणि ब्राऊन या दोघांनी 2014 मध्ये साधा रासायनिक हिशेब मांडला. 10 किलो चरबी अंगात जळली तर तिच्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडते. उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. चरबी श्वासातून जाते. प्लॅस्टिक गुंडाळून धावणाऱ्याचं फक्त पाणी जातं, आणि ते तांब्याभर पाण्याने परत येतं.

(दृश्य: डावीकडे डंबेल उचलणारा हात. उजवीकडे बैठक काढणारा मुलगा.)

आता थोडं गणित. शाळेतलंच आहे.

70 किलोचा माणूस 10 किलोचं डंबेल कोपरातून वाकवून अर्धा मीटर वर नेतो. काम झालं सुमारे 50 ज्यूल. तोच माणूस एक बैठक काढतो. पोटऱ्या आणि पावलं सोडली तर जवळजवळ 60 किलोचं धड-मांड्यांचं ओझं तो अर्धा मीटर उचलतो. काम सुमारे 300 ज्यूल. सहापट, आणि तेही कुठलंच साधन हातात न घेता. क्रंचमध्ये तर नुसतं डोकं आणि खांदे वीतभर उचलले जातात. जळजळ मात्र सगळ्यात जास्त तिथेच होते, म्हणून काकांना वाटतं की काहीतरी होतंय. जळजळ थकलेल्या स्नायूची असते. तिचा वरच्या चरबीशी काही संबंध नाही.

(दृश्य: कोल्हापुरातली एक तालीम. लाल माती, भिंतीला टेकवलेले मुद्गल, हनुमानाची तसबीर. मुलं रांगेत जोर मारताहेत.)

तालमीतल्या जोराकडे नीट बघा. हात जमिनीवर, कंबर वर. तिथून छाती मातीला घासल्यासारखी पुढे जाते, कमानीतून वर येते, पुन्हा मागे. खांदा, कोपर, पाठ, कंबर सगळं एका लयीत. दहा जोरांत धाप लागते. इथे आज "चेस्ट डे", उद्या "बायसेप डे" अशी वाटणी कुणी केली नाही. कुस्तीत समोरचा पैलवान आधी बायसेपला भिडेन, मग मांडीला, असं म्हणत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानात शाळाशाळांतून रुजवला, तो व्यायामही याच जातीचा.

इथपर्यंत आलो तेव्हा आमची गोष्ट तयार होती. तालीम जिंकली, मशीन हरलं, लेझीम वाजवा, शेवटची पाटी टाका.

मग इटलीतल्या पादुआ विद्यापीठाचा 2017 चा अभ्यास वाचला आणि आमची गोष्ट बिघडली.

अंतोनिओ पाओली आणि सहकाऱ्यांनी 36 पुरुषांचे दोन गट केले. एकाने आठ आठवडे फक्त एका सांध्याचे व्यायाम केले, दुसऱ्याने फक्त अनेक सांध्यांचे. खुबी अशी, की उचललेलं एकूण वजन दोन्ही गटांचं सारखं ठेवलं. चरबी दोघांची घटली. कमीजास्त? नाही. सारखीच.

म्हणजे चरबीला फक्त एकूण काम कळतं. बैठक काढलीत की मशीनवर बसलात, याच्याशी तिला देणंघेणं नाही. फरक पडला तो दुसरीकडे. दम मोजायचं जे माप आहे, शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते, पहिल्या गटाचं सुमारे 5 टक्क्यांनी वाढलं आणि दुसऱ्याचं साडेबारा टक्क्यांनी. ताकदही दुसऱ्यांचीच जास्त वाढली.

मग मेहनत हरली का? घड्याळाकडे बघा. प्रयोगशाळेत एकूण वजन सारखं राहतं, कारण तिथे कुणीतरी वही घेऊन मोजत उभं असतं. आपल्याकडे असतो अर्धा तास, त्यातली पाच मिनिटं मोबाइलमध्ये जातात. 10 किलोचं डंबेल दहा वेळा उचललं की 100 किलो. खांद्यावर 40 किलोची दांडी घेऊन दहा वेळा बसलो-उठलो की 400. बरोबरी करायची तर डंबेलचे चार सेट हवेत. सव्वासातची लोकल पकडणाऱ्या माणसाकडे ते चार सेट नसतात. पूर्ण अंगाच्या व्यायामाचा चरबीपुरता फायदा एवढाच आहे, आणि तो छोटा नाही: त्याच वेळात जास्त काम होतं.

व्यायामानंतरही तासन्‌तास चरबी जळत राहते, असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. जळते. पण व्यायामात जेवढं जळलं त्याच्या साधारण 6 ते 15 टक्के. वरकमाई म्हणून ठीक, तिच्यावर घर चालत नाही.

(दृश्य: गाडीवर वडे तळले जाताहेत. पाव चिरणारा हात.)

घर कशावर चालतं ते या गाडीवर दिसतं. शंभर बैठकांना ढोबळमानाने 35 ते 40 किलोकॅलरी लागतात. एक वडापाव 300 च्या आसपास. आणि एक किलो चरबीत सुमारे 7,700. बैठकांत भागाकार करून बघा, मांड्या आधीच दुखायला लागतील.

याचा चालताबोलता पुरावा तालमीतच आहे. हजार हजार बैठका काढणाऱ्या कितीतरी वजनदार पैलवानांना पोट असतं. पूर्ण अंगाचा व्यायाम त्यांच्याइतका कुणी करत नाही. पण खुराकही त्यांच्याइतका कुणी घेत नाही. दूध, तूप, बदाम, थंडाई. वजनी गटासाठी त्यांना ते वजन हवंच असतं. तिढा पडतो तो नंतर. आखाडा सुटतो, खुराक सुटत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे प्रत्येक गल्लीत असे एक माजी पैलवान भेटतात, आणि ते स्वतःच हसत हे सांगतात.

मग जेवण कमी केलं की झालं, व्यायाम कशाला? कारण नुसत्या उपाशी राहण्याने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातो. वजनाचे व्यायाम तो स्नायू राखतात. "स्नायू वाढवा, बसल्या बसल्या चरबी जळेल" हेही थोडं फुगवलेलं आहे. एक किलो स्नायू विसाव्यात दिवसाला सुमारे 13 किलोकॅलरी वापरतो. दोन किलो कमावलात, तर झाली एका ग्लुकोज बिस्किटाची सोय. स्नायू हवा तो जिना चढायला, रक्तातली साखर खेचून घ्यायला आणि म्हातारपणी मोरीत पडू नये म्हणून.

(दृश्य: दोन माणसांच्या बाह्याकृती, शेजारी शेजारी. उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोन्हीखाली एकच: 22.3.)

साखरेचं आपल्याला जरा जास्तच बघावं लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच देहांची तुलना छापली. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या अंगात 21.2. युडकिन फावल्या वेळात मॅरेथॉन धावायचे. याज्ञिक यांनी स्वतःची थट्टा करत लिहिलं होतं, की आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते गाठणं. विनोद बाजूला ठेवला तर गोष्ट गंभीर आहे. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्यापैकी पुष्कळांची ठेवण आहे. म्हणूनच भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी 80 धरतात. काट्यावरचा आकडा आपल्याला फसवतो. शिंप्याची टेप फसवत नाही.

(दृश्य: फिजिओथेरपीची खोली. एक आजी खुर्चीत बसून पाय हळूहळू सरळ करताहेत.)

आता आयसोलेशनच्या बाजूने. स्वीडनचे डॉक्टर गुस्ताव झांडर यांनी एकोणिसाव्या शतकात स्टॉकहोममध्ये व्यायामाची यंत्रं बसवली. एक यंत्र दंडासाठी, एक पायासाठी, एक पाठीसाठी. आजच्या जिमच्या मशीनांची ती पणजी म्हणता येईल, आणि ती होती उपचारासाठी. या आजींना बैठका काढा म्हणून सांगणं मूर्खपणा ठरेल. गुडघा दुखतोय, मांडीचा पुढचा स्नायू आधी बळकट व्हायला हवा, मग खुर्चीतून हात न टेकता उठणं, आणि बैठक जमलीच तर त्यानंतर. शस्त्रक्रियेनंतर, एक बाजू कमजोर असेल तेव्हा, खांदा धरला असेल तेव्हा हाच व्यायाम कामाचा. आणि कुणाला नुसतेच दंड फुगवून लग्नाच्या फोटोत उभं राहायचं असेल तर त्यालाही आमची ना नाही. फक्त त्यातून पोट उतरेल अशी आशा लावून बसू नये.

(दृश्य: पुन्हा तीच जिम. सात वाजायला आलेत. ट्रेनरने काकांमागे एक बाक आणून ठेवलाय.)

ट्रेनर पोरगेलासा आहे. त्याने काकांना मॅटवरून उठवलंय. बाकाला बूड टेकेपर्यंत खाली, लगेच वर. हात पुढे. पंधराव्या बैठकीला काकांचा वेग मंदावतो, अठराव्याला ते आरशातलं स्वतःकडे बघणं सोडतात. विसाव्याला बाकावर बसतात ते बसतातच.

"पोटाला काहीच जाणवलं नाही हो," काका म्हणतात. वाक्य एका दमात पूर्ण होत नाही.

"धाप लागली ना?"

काका नुसती मान हलवतात.

"मग एक मिनिट बसा. अजून दोन सेट आहेत."