दोन इंच खाली, मागे ट्रेलर

दृश्य : अमेरिकेतल्या एका घराचं गॅरेज. स्टँडवर उचललेली काळी एसयूव्ही, मागची दोन्ही चाकं काढलेली. एक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये रबराचा जाड फुगा दिसतो.

निवेदन :

ही शेवरोले ट्रेलब्लेझर एसएस. 2006 ते 2009 या मॉडेल-वर्षांतली. बॉनेटखाली सहा लिटरचं व्ही-8 इंजिन, त्या काळी कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये असलेलं तेच एलएस2. पहिल्या वर्षी ताकद होती 395 हॉर्सपॉवर. कारखान्यातून निघतानाच ही गाडी साध्या ट्रेलब्लेझरपेक्षा इंचभर खाली बसलेली असायची, 20 इंची चाकांवर. पण खाली चेसिस ट्रकसारखी, बॉडीपासून वेगळी, मागे अखंड एक्सल. त्यामुळे साडेसहा हजार पौंडांहून जास्त, म्हणजे जवळजवळ तीन टनांचा ट्रेलर ओढायची कंपनीचीच परवानगी.

तिचे मालकही तसेच दुहेरी. आठवडाभर हीच गाडी मुलांना शाळेत सोडते आणि शनिवारी शर्यतीची गाडी ट्रेलरवर चढवून ड्रॅग स्ट्रिपला, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर, नेते. अशा मालकाला एक दिवस वाटतं, अजून दोन इंच खाली घेऊ. वळणावर कमी झुकेल, चाकाच्या वरची ती मोठी पोकळी भरेल. खरं सांगायचं तर दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग कुणीतरी म्हणतं, "खाली घेतलीस तर टोइंग विसर." हे अर्धंच खरं आहे.

दृश्य : कॅमेरा मागच्या एक्सलजवळ. एक्सलच्या वर रबरी बंपस्टॉप. मधल्या मोकळ्या जागेत मोजपट्टी धरलेली.

रस्त्यावर खड्डा आला की एक्सल वर येतो. किती वर येऊ शकतो, तर या बंपस्टॉपला टेकेपर्यंत. गाडी दोन इंच खाली घेतली, की ही जागा दोन इंचांनी कमी झाली. रिकाम्या गाडीला उरलेली जागा पुरते. आता मागे ट्रेलर लावा.

हिशोब करू. उघडा ट्रेलर आणि त्यावरची गाडी मिळून समजा 5000 पौंड. त्यातलं साधारण 10 ते 15 टक्के वजन हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या ट्रेलर-जोडणीच्या, बॉलवर यायला हवं. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की ती उलार होते, बैलांच्या मानेवरचं जू उचललं जातं. ट्रेलरही मागे जड झाला की हिच वर उचलू पाहतो आणि हायवेवर शेपूट हलवायला लागतो. म्हणून पुढे भार हवाच. आपण 600 पौंड धरू.

हे 600 पौंड एक्सलवर पडत नाहीत, एक्सलच्या मागे पडतात. बॉल एक्सलपासून चार फूट मागे आहे असं समजा. या गाडीच्या दोन एक्सलमधलं अंतर 113 इंच. तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचे सुमारे 255 पौंड उचलले जातात आणि मागच्या एक्सलवर 600 नव्हे, 855 पौंड वाढतात. डिकीतलं सामान आणि मागच्या सीटवरची माणसं अजून धरलेलीच नाहीत.

आखूड स्प्रिंगवर एवढा भार आला की एक्सल बंपस्टॉपच्या अगदी जवळ जातो, किंवा टेकतोच. टेकला की स्प्रिंग असून नसल्यासारखी. पुलाच्या प्रत्येक सांध्यावर धक्का थेट चेसिसला, आणि वळणावर असा धक्का बसला तर टायर रस्ता सोडू शकतो.

दृश्य : छोटा कॉम्प्रेसर घरघरतो. फुगा हळूहळू ताठ होतो, गाडीची मागची बाजू वर येते.

इथे एसएसला तो सुरुवातीला दिसलेला, मागे साध्या स्प्रिंगच्या जागी असलेला हवेचा फुगा वाचवतो. उंची मोजणारा सेन्सर भार ओळखतो, कॉम्प्रेसर हवा भरतो, मागची बाजू पुन्हा ठरलेल्या उंचीवर येते. बरेच जण सेन्सरची दांडी बदलून हीच ठरलेली उंची कमी करतात. वर जायची जागा तेव्हाही कमी होतेच, पण भार आल्यावर ती आणखी घटत नाही. फुगे जुने होऊन गळायला लागले की ते काढून साध्या स्प्रिंग बसवायचा किट मिळतो. स्वस्त पडतो, कटकट संपते. पण गाडी खाली घ्यायची आहे आणि ट्रेलरही ओढायचा आहे, तर आमच्या मते पैसे नव्या फुग्यांवरच घालावेत. स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

बाकीची कामं गॅरेजमधली, नेहमीची. मागचा एक्सल आडवा धरून ठेवणारा दांडा गाडी खाली आल्यावर एक्सलला जरा एका बाजूला ढकलतो. लांबी बदलता येणारा दांडा लावला की एक्सल मधोमध येतो. पुढे अलाइनमेंट नव्याने करावी लागते, नाहीतर टायर आतल्या कडेने खातात.

दृश्य : जोडलेली गाडी आणि ट्रेलर, बाजूने. दोन्ही एका सरळ रेषेत.

बघा, किती सपाट उभी आहे. फसायला होतं ते इथेच. फुग्याने मागची बाजू उचलली, पण पुढच्या चाकांवरून गेलेले ते 255 पौंड परत आणले नाहीत. उंची जागेवर आली, वजन नाही. स्टीअरिंग अजून हलकंच आहे, आणि ब्रेकचं बरंचसं काम पुढची चाकंच करतात.

ते वजन पुढे ढकलतो भार वाटून देणारा हिच. त्याच्या दोन स्प्रिंगच्या सळया ट्रेलरच्या दांड्याला ताणून अडकवतात. त्या हिचला पिळतात आणि मागच्या एक्सलवरचं काही वजन पुढच्या चाकांवर, काही ट्रेलरच्या चाकांवर जातं. आधी कॉम्प्रेसरला उंची गाठू द्यायची, मग सळया ताणायच्या. पुढच्या मडगार्डची जमिनीपासून उंची तीनदा मोजायची : ट्रेलर लावण्याआधी, लावल्यावर, सळया ताणल्यावर. किती परत आणायची ते गाडीच्या आणि हिचच्या पुस्तिकेत असतं.

हिचची नळीही दोन इंच खाली आलेली असते. त्या नळीत बसणारा आणि बॉल धरणारा दांडा म्हणजे बॉलमाउंट. जुना खाली वाकलेला बॉलमाउंट तसाच लावला तर ट्रेलर नाक खाली घालून चालेल. कमी उताराचा माउंट घ्यायचा. सेफ्टीच्या साखळ्या आता जमिनीच्या आणखी जवळ आल्या. बॉलखाली फुली करून बांधायच्या, घासू द्यायच्या नाहीत. वाळलेल्या गवताच्या कडेने घासत गेलेल्या साखळीची ठिणगी वणवा लावते, आणि कॅलिफोर्नियाचं अग्निशमन खातं ट्रेलरवाल्यांना हे सतत बजावत असतं.

दृश्य : ड्रायव्हरचं दार उघडं. खांबावरचं स्टिकर.

मागच्या एक्सलची मर्यादा इथे छापलेली आहे. कडक स्प्रिंग, महागडे शॉकअप, नवे फुगे, काहीही लावा, हा आकडा वाढत नाही. म्हणून ड्रॅग स्ट्रिपला जाण्याआधी हायवेलगतच्या ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी घ्यायची. पुढच्या एक्सलचं, मागच्याचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. मागचा आकडा जास्त आला, तर ट्रेलरवरची गाडी थोडी मागे घ्यायची, पट्टे पुन्हा आवळायचे आणि पुन्हा काट्यावर यायचं. बॉलवरचा भार 10 टक्क्यांच्या खाली मात्र जाऊ द्यायचा नाही.