सोळा एप्रिलच्या मागे

(काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकतात.)

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा. त्याचा सोर्स कोड आपल्या संगणकावर उतरवायला गिटची एक ओळ पुरते. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची वही ठेवणारं साधन. गिट क्लोन, आणि पुढे पत्ता. एन्टर दाबा आणि खुशाल चहा टाका. कारण नुसता आजचा कोड येत नाही. कुणी, कधी, काय बदललं आणि का, तेही सगळं येतं.

उतरून झालं की गिट लॉग म्हणायचं आणि मागे मागे जायचं. अगदी तळाशी एक तारीख लागते. १६ एप्रिल २००५.

पण लिनक्स तर १९९१ सालचं!

(जुना मॉनिटर. ईमेलची यादी.)

सुरुवातीला सगळा कारभार ईमेलवर चालायचा. बदल केला की जुन्या-नव्या फायलींतला फरक, म्हणजे पॅच, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना धाडायचा. पटला तर ते आपल्या प्रतीत चढवत आणि अधूनमधून अख्ख्या कोडचं गाठोडं, टारबॉल, बाहेर ठेवत. बदलांची नोंद ठेवणारं सीव्हीएस तेव्हाही होतं. त्यात इतिहास सर्व्हरवर राहतो, आपल्या हाती फक्त चालू प्रत. टोरवाल्ड्सना ते डोळ्यांसमोर नको असायचं.

२००२ मध्ये त्यांनी त्याच कामासाठी बिटकीपर घेतलं. एका कंपनीचं, पण कर्नलवाल्यांना फुकट. खुल्या सॉफ्टवेअरचा एवढा नावाजलेला प्रकल्प, आणि त्याची वही दुसऱ्याच्या कपाटात! पुष्कळांना हे खटकत होतं. मग सांबा हे खुलं सॉफ्टवेअर लिहिणारे अँड्र्यू ट्रिजेल बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारं स्वतःचं साधन लिहू लागले. त्यासाठी त्यांनी काय केलं? टेलनेटनं, म्हणजे दूरच्या संगणकाशी अक्षरांतून बोलायच्या साध्या साधनानं, सर्व्हरला जोडून 'हेल्प' असं टाइप केलं. सर्व्हरनं आज्ञांची यादीच पुढे केली. कंपनीशी बिनसलं, फुकटचं बंद झालं.

३ एप्रिल २००५ ला टोरवाल्ड्स स्वतःच गिट लिहायला बसले. ७ तारखेला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जात होता. १६ ला त्यात कर्नल आला. त्या पहिल्या नोंदीत त्यांनी लिहून ठेवलंय: पूर्ण इतिहास आपल्याकडे आहे, पण तो आणायच्या भानगडीत पडत नाही, गिटमध्ये घातला तर ३.२ जीबी होतो.

काही न विसरणाऱ्या वहीचं पहिलं पान असं कोरं.

(दोन संगणक. मधून एक रेघ धावते.)

क्लोन एकदाच. पुढे रोजचं काम फेचचं. आपलं गिट सर्व्हरला सांगतं, माझ्याकडे इथपर्यंतचं आहे. सर्व्हर उरलेलं तेवढंच बांधून पाठवतो. आपल्या फायलींना मात्र अजून हात लागलेला नसतो. गिट पुल आणतं आणि लगेच मिसळतंही. फेच म्हणजे भाजी आणून ओट्यावर ठेवली, पुल म्हणजे पिशवीतून थेट फोडणीत. मी आधी ओट्यावर ठेवून निवडून घेणाऱ्यांतला. पुल करून मग तासभर गुंता सोडवत बसलेले पुष्कळ पाहिलेत, त्यात मीही.

आणि ती मागची वर्षं? बिटकीपरच्या काळातला इतिहास नंतर गिटमध्ये आणून वेगळ्या भांडारात ठेवला गेला. तो फेच करायचा, गिट रिप्लेस या आज्ञेनं पहिल्या नोंदीच्या मागे जोडायचा, आणि पुन्हा लॉग काढायचा.

(अक्षरं पुन्हा सरकू लागतात. १६ एप्रिल येते, मागे पडते.)

आता तो २००२ पर्यंत जातो. त्यामागे टारबॉल.