बुगाटी टाइप ३५ आणि आपली स्विफ्ट

मित्रहो, फळ्यावर दोन आकडे लिहितो. १९२४ साली फ्रान्समधल्या ल्यों इथल्या ग्रांप्रीमध्ये, म्हणजे मोटारींच्या मोठ्या शर्यतीत, उतरलेल्या बुगाटी टाइप ३५ ची ताकद ९० अश्वशक्तीच्या आसपास होती. आजची मारुती स्विफ्ट देते साधारण ८२. म्हणजे त्या काळचे मोठमोठे चालक जेवढ्या ताकदीवर शर्यत मारायचे, जवळपास तेवढी ताकद घेऊन आपण दूध-भाजी आणायला निघतो. बुगाटीला त्यासाठी १९९१ सीसी आणि आठ सिलिंडर लागत. स्विफ्टचं भागतं ११९७ सीसी आणि तीन सिलिंडरवर.

बुगाटी सुरू करायची तर आधी हातपंपाने पेट्रोलच्या टाकीत हवेचा दाब भरायचा. मग ठिणगीची वेळ मागे घ्यायची, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल पेटवणारी ठिणगी जरा उशिरा पडेल असं करायचं, आणि पुढे जाऊन हँडल मारायचं. वेळ मागे घ्यायला विसरलात, तर हँडल उलटं फिरून मनगट मोडू शकतं. स्विफ्टमध्ये ठिणगीची वेळ ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो, सेन्सर बघून, प्रत्येक स्फोटासाठी.

पण माझा जीव अडकलाय तो क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्यात. त्या काळी हा दांडा ज्यांत फिरतो त्या बेअरिंगमध्ये मऊ पांढरा धातू ओतलेला असे आणि वंगणाची व्यवस्था बेताची. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना ते टिकेल याचा भरवसा नव्हता. म्हणून कंपनीचा संस्थापक एत्तोरे बुगाटीने बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरणारा, तुकड्यातुकड्यांनी जोडलेला क्रँकशाफ्ट बनवला. काय देखणं काम आहे ते! मात्र बेअरिंग बदलायची तर अख्खा क्रँक सोडवावा लागतो. आजच्या गाडीत पातळ शेल बेअरिंग, म्हणजे अर्धगोल पत्र्यांच्या जोड्या, असतात, त्यांत दाबाने तेल येत राहतं, आणि तेल वेळेवर बदललं तर लाखभर किलोमीटर कोणी तिकडे ढुंकूनही बघत नाही. या साधेपणामागची धातुविद्या मला त्या रोलर क्रँकइतकीच थोर वाटते.

ब्रेकचंही तसंच. बुगाटीत ते केबलने ओढले जात. ब्रेकचा ड्रम ॲल्युमिनियमच्या चाकातच ओतलेला, त्यामुळे टायर बदलायला चाक काढलं की ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे तुकडे, आपोआप तपासायला समोर. फार हुशारीची रचना. पण ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणं, म्हणजे ते फिरायचं थांबून घसरू न देणं, हे काम पूर्णपणे चालकाच्या पायाचं.

तो पाय कसा हवा? चेक चालक एलिश्का युंकोवा १९२८ ला इटलीच्या सिसिली बेटावरच्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत बुगाटी घेऊन उतरली. १०८ किलोमीटरची एक फेरी, अशा पाच, बहुतेक सगळा घाटरस्ता. तिने आधी पायी फिरून वळणं अभ्यासली होती. दुसऱ्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढे होती! शेवटी पाण्याच्या पंपाने त्रास दिला आणि ती पाचवी आली. एवढी तयारी रोजच्या चालकाकडून कोण मागणार? पावसात घाट उतरताना गाडी घसरू लागली, तर स्विफ्टमधलं ईएसपी, म्हणजे गाडीचा तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून तिला सावरायला बघतं. आता ते चाक कसं निवडलं जातं, ते पुढच्या आकृतीवर बघू.