14 एप्रिल आणि गोदीतली माणसं

मंडळी, 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. कुणीतरी कचेरीत येऊन आपल्या छातीला छोटासा झेंडा टोचतो, डबा पुढे करतो, आपण त्यात नाणं टाकतो. हा सप्ताह मुंबईच्या गोदीतल्या एका दुपारवरून आला आहे, आणि आज मला त्या दुपारबद्दल बोलायचं आहे.

1944 सालचा तो शुक्रवार. ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज दोन दिवसांपासून व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. इंग्लंडहून निघून ते कराचीमार्गे आलं होतं. पोटात सुमारे 1400 टन स्फोटकं. कराचीत थोडा माल उतरला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड भरलं गेलं. दारूगोळ्याच्या सोबतीला कापूस! पण युद्ध चालू होतं, जहाजांची टंचाई होती, नियम बासनात गेले होते. स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल बावटा फडकवायचा असतो. तोही नव्हता.

जेवणाच्या सुट्टीनंतर दोन नंबरच्या हॅचमधून, म्हणजे माल भरायच्या कप्प्याच्या तोंडातून, धूर येताना दिसला. बंब आले, शेकडो टन पाणी ओतलं गेलं. कापसाची गाठ वरून भिजते आणि आतून धुमसतच राहते. पाणी साचत गेलं तशा जळत्या गाठी तरंगून वरच्या दारूगोळ्याजवळ पोचल्या, असंही सांगतात.

धक्क्यावर अधिकाऱ्यांची वाण नव्हती. कप्तान होता, गोदीचे साहेब होते, अग्निशमन दलाचे प्रमुख होते, लष्कराचा दारूगोळ्यातला जाणकार होता. एक म्हणे जहाज इथंच बुडवा, दुसरा म्हणे समुद्रात ओढून न्या. दोन तास गेले. सगळ्यांनी ऐकावं असा हुकूम द्यायचा कुणी, हेच ठरलेलं नव्हतं. आणि माझ्या मते त्याहून मोठी चूक म्हणजे गोदी रिकामी करा, असंही कुणी म्हणालं नाही. लोक जवळ उभे राहून आग बघत होते.

4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेजारच्या ‘जलपद्मा’ या बोटीचा मागचा भाग उडून शेडवर जाऊन पडला. सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. मांडवीकडच्या वखारी पेटल्या, धान्याची कोठारं गेली. जपान्यांनी बाँब टाकला अशी आवई शहरभर उठली, आणि ते साहजिकच होतं. कारण सरकारने बातमीच दाबली होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली. इथल्या छापखान्यांना परवानगी मिळेपर्यंत मे उजाडला.

जहाजावर सोनंही होतं. साडेबारा किलोची एक, अशा 124 विटा. त्यातली एक मैलभर उडून एका पारशी गृहस्थांच्या घरात पडली. त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. ही गोष्ट रंगवून सांगायला सगळ्यांनाच आवडते, मलाही. पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ उपसताना उरलेल्या विटांपैकी काही सापडत राहिल्या.

आता माणसांचं बघा. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. हा आकडा नेमका आहे, कारण त्यांची नावं हजेरीपटावर होती. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे, तिथे दरवर्षी मानवंदना होते आणि ती व्हायलाच हवी. पण एकूण किती गेले विचारा. कुणी 800 सांगतो, कुणी 1300. मधले हे पाचशे कोण? त्यांतले किती गोदीत माल उचलणारे होते, हे आज कोण सांगणार? रोज सकाळी मुकादम ज्यांना उचलील ते कामावर, बाकीचे घरी, अशी तेव्हाची रीत. त्या दिवशी जहाजात कोण उतरलं होतं, याचा धड कागद कुठून मिळणार?

योगायोग असा की, त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं, आणि 14 एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस. गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा मात्र 1948 साली झाला, आणि मुंबईत त्याची योजना लागू व्हायला 1951 उजाडलं. तेव्हा कुठे गोदीत माल उचलणाऱ्या टोळीतल्या माणसाचं नाव वहीत चढू लागलं.