सिल्फ्रातली चेन

[दृश्य : सिल्फ्राची भेग, वरून]

आइसलँडमधलं थिंगवेट्लिर राष्ट्रीय उद्यान. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट इथे एकमेकांपासून दूर सरकतात. त्या ताणाने जमीन फाटली आणि पाण्याने भरली, ती ही सिल्फ्रा. लांगयोकुल हिमनदीचं पाणी लाव्हाच्या खडकातून झिरपत, गाळत इथवर येतं. पाण्याखाली शंभरेक मीटरवरचं स्वच्छ दिसतं. तापमान मात्र बारा महिने २ ते ४ अंश सेल्सिअस!

तारकर्लीच्या समुद्रात आपलं वेटसूटवर भागतं. इथे डायव्हरच्या अंगावर ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा पोशाख, लागतोच. आत उबदार कपडे आणि हवा, बाहेर पाणी. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णता वाहून नेतं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी म्हणजे बुडी तिथेच संपली.

[दृश्य : खांद्यांवरून आडवी गेलेली चेन, जवळून]

मनगटावर आणि गळ्याशी घट्ट रबरी पट्ट्या असतात. पण माणूस सूटमध्ये शिरतो तो या चेनमधून, म्हणजे झिपमधून. उंचावर उडणाऱ्या वैमानिकांच्या दाब-पोशाखांसाठी अशी हवाबंद चेन आधी तयार झाली. नासाच्या जेमिनी अंतराळवीरांच्या पोशाखातही ती होती. डायव्हरपर्यंत ती नंतर पोहोचली.

पाणी अडवण्याचं काम दाते करत नाहीत. दाते फक्त दोन्ही बाजूंच्या रबरी कडा एकमेकींवर दाबून धरतात. त्या कडांमध्ये वाळूचा एखादा कण अडकला, आतल्या कपड्याचा एक धागा सापडला, तरी पाण्याला वाट मिळते. इथलं पाणी गोडं, त्यामुळे मिठाचा त्रास नाही. लाव्हाची काळी रेती मात्र सगळीकडे.

[दृश्य : मऊ ब्रश, साबणाचं पाणी]

म्हणून आधी ब्रश, मग चेन सहज सरकावी यासाठी मेण. घाईत लोक नेमकं उलटं करतात, आणि मेणाबरोबर रेतीही दात्यांत घासून बसवतात.

धातूची चेन असेल तर पॅराफिन किंवा मधमाशांचं मेण. साधी, बिनवासाची पांढरी मेणबत्तीसुद्धा चालते. चेन बंद करायची, बाहेरून दात्यांवर मेण फिरवायचं, मग रनर सावकाश दोन-तीनदा पुढे-मागे न्यायचा. थर दिसेल इतकं मेण लावलं तर ते जास्त झालं. ते टोकाशी साठतं आणि रनर शेवटपर्यंत बसत नाही. गळती बऱ्याचदा तिथूनच होते.

चेन प्लास्टिकची असेल तर मेण विसरा. तिला उत्पादकाने दिलेलं ग्रीस लागतं, आणि तेही मुख्यतः रनर जिथे जाऊन बसतो त्या टोकाला, किंचित.

सिलिकॉनचा स्प्रे? दुकानात सहज मिळतो, चेनही लगेच सरसर चालायला लागते. पण त्याला धूळ चिकटते. शिवाय तो कापडात मुरतो, आणि पुढे चेन बदलायची वेळ आली की तिथे गोंद धरत नाही. एका चेनपायी महागडा सूट वाया घालवण्यासारखंच हे. धातूच्या चेनवर तो मारूच नये.

[दृश्य : पार्किंगमध्ये एक डायव्हर दुसऱ्याची चेन लावताना]

पाठीमागची चेन स्वतःला लावता येत नाही, जोडीदार लावतो. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्याने रनर सरळ रेषेत ओढायचा. तिरका झटका दिला की दाता वाकतो. रनर अडला तर मागे घ्या, काय अडकलंय ते बघा. हिवाळ्यात दोन बुड्यांच्या मध्ये दात्यांतलं पाणी गोठतं, तेव्हा तर जोर अजिबात लावू नका. बर्फ आधी वितळू द्या.

[दृश्य : सूट धुऊन टांगलेला]

बुडीनंतर स्वच्छ पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. धातूची चेन उघडी ठेवून सूट सैल गुंडाळा. तीव्र घडी चेनवर पडता कामा नये. रबरी कडेला भेग दिसलीच, तर तिथे मेणाचा उपयोग नाही. सूट दुरुस्तीला पाठवा, चेन नवीन बसवून घ्या.