पहिलारू

(दृश्य: पहाटेचा मुक्त गोठा. कळपापासून बाजूला उभी असलेली कालवड.)

संगमनेर तालुक्यातला हा संकरित गाईंचा गोठा. कोपऱ्यात उभी आहे ती पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणारी कालवड. भरवल्याची, म्हणजे गाभण करवल्याची तारीख वहीत लिहिलेली आहे, १० जानेवारी. त्यात नऊ महिने आणि एक आठवडा मिळवला की १७ ऑक्टोबर येतो. पण आठवडाभर इकडेतिकडे व्हायचंच. म्हणून गोठा सांभाळणाऱ्या मावशींची नजर वहीपेक्षा कालवडीवर जास्त.

"कास बघून फसायला होतं बघा," मावशी सांगतात. जुनी गाय कास करते ती बहुतेक शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. पहिलारूची कास त्याच्या कितीतरी आधी वाढायला लागते. नवखा माणूस तेव्हापासूनच रात्री जागवतो.

(दृश्य: कासेवर अंगठा दाबलेला. बोट काढल्यावर खळगा तसाच.)

हा खळगा पाहा. लगेच भरला नाही. कातडीखाली पाणी साचलंय, आणि पहिलारूत ते सर्रास दिसतं. सूज कासेच्या पुढे बेंबीपर्यंतही जाते. मीठ कमी करायचं, थोडं फिरवायचं. व्याल्यावर काही दिवसांत ती उतरते. दगडी, म्हणजे जंतूंमुळे कासेला होणारा आजार, मात्र वेगळी. तिच्यात बहुधा एखादाच भाग गरम आणि कडक लागतो, हात लावला की कालवड लाथ झाडते. तेव्हा डॉक्टर हवाच.

आता सगळ्यांचा हात शिवशिवतो ती गोष्ट. "बघू तरी चारी सड चालू आहेत का" म्हणत सड पिळून बघणं. सडाच्या तोंडाशी मेणासारखा बूच असतो, तोच जंतूंना आत जाऊ देत नाही. तो फुटला की दार उघडं. वर चीकही वाया जातो. सड बाहेरून चाचपून बघावेत, धार काढू नये. लहानपणी कालवडी एकमेकींचे सड चोखत असतील, तर तेव्हाच त्यांना वेगळं करायला हवं होतं. मुका सड, म्हणजे दूध न येणारा, निघण्याचं ते एक कारण. दुसरं कारण माश्या. सडाच्या टोकाला त्या चावून जखमा करतात, म्हणून गोठा कोरडा ठेवायचा.

(दृश्य: शेपटीचं मूळ, जवळून. मावशींचा हात.)

खरी खूण इथे. शेपटीच्या दोन्ही बाजूंना एरवी दोरीसारख्या ताठ शिरा लागतात. मावशी त्यांना शिराच म्हणतात; डॉक्टर सांगतील, हे स्नायुबंध. आज तिथे बोट आत जातंय, खड्डे पडलेत. निरण, म्हणजे योनीचं तोंड, सुजून लोंबलीय, काचेसारखा नितळ, चिकट स्राव लोंबतोय. सड टच्च भरलेत. बहुधा चोवीस तासांच्या आतबाहेरचं काम.

दुपारपासून ती उठबस करतेय. शेपटी उचलून धरते, वळून पोटाकडे बघते. पहिलारूला हा वेळ लांबच लागतो, कित्येक तास. उगाच हात घालायचा नाही, गर्दीही करायची नाही. माणसं जमली की तिच्या कळा थांबतात.

(दृश्य: पाणमोट.)

पाणमोट, म्हणजे वासराभोवतीची पाण्याची पिशवी, दिसली की मात्र घड्याळ बघायचं. पुढचे दोन खूर, तळवे खाली, त्यांच्यावर नाक, हा क्रम बरोबर. तासभर जोर करूनही वासरू पुढे सरकत नसेल, किंवा तळवे वर दिसत असतील, तर फोन. ओढाओढ नको.

(दृश्य: वासरू, ओलं. मावशींच्या हातात धुतलेली काळी थाळी.)

नाळेच्या टोकाला आयोडीन लावून झालं. आता पहिल्यांदा सड पिळायचे. सड धुऊन, पुसून, प्रत्येकाच्या दोन धारा काळ्या थाळीत. दह्यासारख्या गुठळ्या किंवा पाणचट धार असेल तर काळ्यावर लगेच दिसते. तीन सडांचा चीक पिवळाधमक, दाट. चौथ्यातून काहीच येईना.

"मुका निघाला," मावशी म्हणतात, आणि बाटलीत चीक भरू लागतात. वासरू पंचवीस-तीस किलोचं आहे. त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या काही तासांत पोटात जायला हवा. जार, म्हणजे वार, अजून पडायचाय.