बीथोवन हे आडनाव आलं कुठून आणि उरलं कुठे

मित्रहो,

११ डिसेंबर १८१८ रोजी व्हिएन्नाच्या एका न्यायालयात एका माणसाला त्याच्या आडनावाचा जाब द्यावा लागला. माणूस अठ्ठेचाळिशीला टेकलेला, जवळजवळ बहिरा झालेला आणि युरोपभर नाव झालेला संगीतकार होता. खटला संगीताचा नव्हताच. धाकटा भाऊ कास्पार कार्ल १८१५ मध्ये वारला होता आणि त्याच्या कार्ल नावाच्या मुलाचा ताबा आईकडे असावा की काकाकडे, हा वाद चालला होता. तो ज्या न्यायालयात चालला होता ते लांडरेख्ट म्हणजे सरदार-उमरावांचं न्यायालय. तिथे सामान्य माणसाची फिर्याद घेतच नसत. सुनावणीत प्रश्न आला: तुम्ही उमराव घराण्यातले आहात का, आणि असाल तर त्याचा काही कागद आहे का? उत्तर नोंदलं गेलं ते असं, की 'व्हान' हा डच भाषेतला शब्द आहे, तो फक्त उमरावच लावतात असं नाही, आणि आपल्याजवळ सनद किंवा दुसरा पुरावा नाही. आठवड्याभरात, १८ डिसेंबरला, खटला सामान्य नागरिकांच्या न्यायालयाकडे वर्ग झाला.

तो माणूस म्हणजे लुडविग व्हान बीथोवन. ही बदली त्याला फार लागली. पुढे सप्टेंबर १८१९ मध्ये खालच्या न्यायालयाने निकाल त्याच्याविरुद्ध दिला आणि एप्रिल १८२० मध्ये अपिलात तो जिंकला. खटल्याची ही बाजू त्याच्या चरित्रकारांनी भरपूर लिहिली आहे. आज मला बोलायचं आहे ते त्या तीन अक्षरी 'व्हान'बद्दल आणि त्याच्या पुढे लागलेल्या दुर्मीळ आडनावाबद्दल. जगातल्या प्रत्येक मोठ्या शहरात हे नाव कुठल्या ना कुठल्या फलकावर दिसतं, पण ते आडनाव म्हणून लावणारी माणसं मात्र मूठभर आहेत.

घोटाळा सोपा होता. जर्मन भाषेत 'फॉन' हे सरदारकीचं चिन्ह झालं होतं. डच आणि फ्लेमिश मुलखात, म्हणजे नेदरलँड्समध्ये आणि बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या उत्तर भागात, 'व्हान' म्हणजे नुसतं 'अमुक ठिकाणचा'. तिथे सुतार, बेकरीवाला, शेतकरी, सगळेच 'व्हान' असतात. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लागतो तसंच हे. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतलं, आणि अशी नावं गावाबाहेर पडलेल्या माणसालाच लागतात. मंगेशीत सगळेच मंगेशीचे असतात, तिथे त्या नावाने कुणाची ओळख पटणार? म्हणून अशा आडनावाचा उगम शोधताना मी आधी एवढंच विचारतो की हे घराणं कुठून निघालं असेल आणि ते निघून आल्याचं कुणाच्या ध्यानात राहिलं असेल.

आता बीथोवन. आपण 'थ' म्हणतो तो इंग्रजी स्पेलिंगमुळे. मूळ उच्चारात 'ट' एका अवयवात आणि 'ह' दुसऱ्या अवयवात येतो, 'बेट' आणि 'होव्हन'. 'होव्हन' म्हणजे वाड्या, शेतवस्त्या. आइंडहोव्हन शहराच्या नावात आहे तेच. पहिल्या भागाबद्दल जर्मन चरित्रांमधून वर्षानुवर्षं एक गंमतशीर अर्थ फिरत आला, बीटाच्या शेताचा मालक. त्या काळच्या कागदांतली स्पेलिंगं पाहिली की हा अर्थ टिकत नाही. जास्त पटणारी वाट बेल्जियमच्या पूर्वेकडे जाते. लिएज प्रांतात वारेम गावाच्या हद्दीत एक छोटं खेडं आहे. फ्रेंचमध्ये त्याला बेतँकूर म्हणतात आणि डचमध्ये बेटेनहोव्हन. दोन्ही नावांत एकाच जुन्या जर्मानिक माणसाचं नाव दडलेलं असावं, आणि शेवटचा भाग दोन्हीकडे वाडीवस्तीचाच आहे. डच आणि फ्रेंच भाषांची सीमा या टापूतूनच जाते, त्यामुळे एका खेड्याला दोन नावं असणं इथे रोजचंच. या खेड्यातून कुणी पश्चिमेला गेलं आणि तिथल्या लोकांनी त्याला 'व्हान बेटेनहोव्हन' म्हटलं, असा बहुतेक अभ्यासकांचा कौल आहे आणि मलाही तो पटतो.

नाव लेखी सापडतं ते ब्रुसेल्स आणि लूव्हन यांच्या आसपासच्या खेड्यांत. तिथल्या काम्पेनहाउटमध्ये सोळाव्या शतकात आर्ट व्हान बीथोवन नावाचा शेतकरी होता. जन्म १५३५, मृत्यू १६०९. त्याची बायको योसिन. तिच्यावर चेटकीण असल्याचा आरोप झाला, छळ करून कबुली घेतली गेली आणि १५९५ मध्ये ब्रुसेल्सला तिला जाळण्यात आलं. नवव्या सिम्फनीबद्दल बोलताना हिचं नाव कुणी घेत नाही. मला मात्र या घराण्याचा इतिहास सांगताना तिला वगळणं बरोबर वाटत नाही. एका साध्या शेतकरी बाईचं नाव चारशेहून अधिक वर्षं टिकलं ते खटल्याच्या कागदांमुळे, आणि तिच्या नवऱ्याचं नाव आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्याची एक शाखा मेखलन शहरात आली. तिथे संगीतकाराचा पणजोबा मिखील बेकरी चालवत होता. नंतर तो लेस आणि चित्रं यांच्या खरेदी-विक्रीत शिरला, कर्जात बुडाला आणि १७४१ च्या सुमारास सावकारांच्या आवाक्याबाहेर, जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या बॉनला निघून गेला. बॉनच का, तर तिथे त्याचा मुलगा आधीच स्थिरावला होता. हा मुलगा लोडेव्हाइक, संगीतकाराचा आजोबा. १७१२ मध्ये मेखलनला जन्मला, तिथल्या मोठ्या चर्चमध्ये गाणं शिकला, लूव्हन आणि लिएजमध्ये गायला आणि १७३३ मध्ये कोलोनच्या इलेक्टरने, म्हणजे तिथे राज्य करणाऱ्या आर्चबिशपने, त्याला आपल्या बॉनच्या दरबारात घेतलं. १७६१ मध्ये तो दरबारातल्या सगळ्या संगीताचा प्रमुख झाला. जोडीला वाइनचा व्यापारही करायचा.

इथे नावाचे हाल सुरू झाले. फ्लेमिश कान वेगळे, ऱ्हाइनकाठचे कान वेगळे. कारकून ऐकेल तसं लिहायचा. हे सगळ्याच जुन्या नावांचं होतं. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेनंतर, म्हणजे १५६३ नंतर, बाप्तिस्मा आणि लग्न यांच्या नोंदवह्या ठेवायला लावल्या, पण एकच स्पेलिंग ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं. फ्लेमिश मुलखात नावं खऱ्या अर्थाने गोठली ती फ्रान्सने १७९५ मध्ये तो प्रदेश आपल्यात जोडून घेतल्यावर आणि नागरी जन्मनोंदणी आल्यावर. म्हणून माझा एक आग्रह आहे: दुर्मीळ आडनावाची गणती करण्याआधी त्याची सगळी रूपं गोळा करा. नाहीतर एकच घराणं चार घराणी होऊन बसतं, किंवा चार घराणी एकच वाटू लागतात.

आता दुर्मीळ का, याकडे येतो. १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने गणिताच्या एका नियतकालिकात प्रश्न टाकला होता: आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जात असेल, तर किती पिढ्यांत किती आडनावं नामशेष होतील? हेन्री वॉटसन नावाच्या पाद्रीने त्यावर काम केलं आणि पुढच्या वर्षी दोघांनी मिळून ते मांडलं. या गणिताचा गाभा असा, की प्रत्येक पुरुषामागे मुलग्यांची सरासरी एकापेक्षा जास्त असली तरीही एकट्या माणसापासून सुरू झालेलं नाव मधेच संपण्याची शक्यता उरतेच. सुरुवातीच्या पिढ्या सर्वांत धोक्याच्या. दोन-तीन पिढ्यांत मुलीच झाल्या किंवा मुलगे लहानपणी गेले की नाव गेलं. याला कुणाचा दोष नाही, हा संभवाचा हिशेब आहे.

बॉनच्या शाखेत हा हिशेब डोळ्यांदेखत घडला. लोडेव्हाइकचा योहान हा एकच मुलगा मोठा झाला. योहानला सात मुलं झाली, जगले तीन मुलगे. लुडविगने लग्नच केलं नाही. निकोलाउस योहानला मूल झालं नाही. कास्पार कार्लला एकच मुलगा, ज्याच्यासाठी तो खटला झाला तो कार्ल. कार्ल १८५८ मध्ये वारला तेव्हा त्याला चार मुली आणि एक मुलगा होता. या मुलाचं नावही लुडविग. हा दुसरा लुडविग १८७१ मध्ये अमेरिकेला गेला आणि तिथे 'लुई फॉन होव्हन' म्हणून वावरला. बघा, ज्या 'व्हान'ला 'फॉन' समजण्यावरून चुलतआजोबांना न्यायालयात मान खाली घालावी लागली, त्या 'व्हान'चा नातवाने 'फॉन' करून घेतला आणि नावातला 'बेट' हा पहिला भागच सोडून दिला! त्याचा मुलगा कार्ल युलिउस १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, व्हिएन्नाच्या लष्करी इस्पितळात वारला. बॉनच्या घराण्यातला हे नाव लावणारा तो शेवटचा पुरुष.

पण फ्लँडर्समध्ये मागे राहिलेल्या शाखा होत्याच. आणि इथून या नावाच्या कहाणीला असं वळण मिळालं की ज्याची कुणी अपेक्षा केली नव्हती.

मार्च २०२३ मध्ये ट्रिस्टन बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीथोवनच्या केसांच्या जनुकीय तपासणीचा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या म्हणून जपलेल्या आठ बटा त्यांनी तपासल्या. पाच बटा एकाच पुरुषाच्या आणि खऱ्या असाव्यात असा निष्कर्ष निघाला. एक नामांकित बट तर बाईची निघाली. मुख्य शोध त्याच्या आजारांचा होता. पण सोबत बेल्जियममधल्या पाच पुरुषांचीही तपासणी केली. पाचही जण व्हान बीथोवन आडनावाचे, आणि पाचांची वंशावळ कागदोपत्री एकाच पूर्वजाला जाऊन मिळते. तो पूर्वज म्हणजे आपला काम्पेनहाउटचा आर्ट, योसिनचा नवरा. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र या पाचांमध्ये जुळलं. सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या नोंदी खऱ्या ठरल्या. संगीतकाराचं गुणसूत्र मात्र वेगळ्याच शाखेचं निघालं. म्हणजे आर्टचा मुलगा हेंड्रिक, जो १५७२ च्या सुमाराचा, त्याच्यापासून १७७० मध्ये जन्मलेल्या लुडविगपर्यंत सात पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप आणि जन्मदाता पुरुष वेगळे होते. नेमकं कुठे, ते या तपासणीतून कळत नाही. आजोबांचा मुलगा योहान याच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडलेली नाही म्हणून बोट तिकडे दाखवलं जातं, पण न सापडलेला कागद हा पुरावा होत नाही.

बातमी आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी मथळ्यात 'व्यभिचार' हा शब्द होता. मला त्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. सात पिढ्यांतली कुठली बाई, ती कुठल्या परिस्थितीत होती, तिच्यावर जबरदस्ती झाली का, की पोरकं पोर घरात घेऊन आपलं नाव दिलं गेलं, यातलं काहीही गुणसूत्र सांगत नाही. ज्या घराण्यातली एक बाई अफवांवरून जाळली गेली, त्याच घराण्यातल्या दुसऱ्या अनाम बाईवर एवढ्या सहज शिक्का मारणं मला मान्य नाही.

आणि स्वतः बीथोवनबद्दल म्हणाल, तर त्याच्या हयातीतच तो प्रशियाच्या राजाचा अनौरस मुलगा असल्याची अफवा कोशांत छापली गेली होती. वर्षानुवर्षं त्याने ती खोडली नाही. अखेर १८२६ च्या शेवटी, म्हणजे मृत्यूच्या काही महिने आधी, त्याने बॉनच्या बालमित्राला, फ्रान्ट्स वेगेलरला, लिहिलं की माझ्या आईवडिलांचा, विशेषतः आईचा, प्रामाणिकपणा जगाला सांग. याच वेगेलरकडून त्याने १८०१ मध्ये आजोबांचं चित्र व्हिएन्नाला मागवून घेतलं होतं. त्यानंतर किती घरं बदलली, पण ते चित्र त्याने शेवटपर्यंत जवळ ठेवलं. आजोबा गेले तेव्हा हा तीन वर्षांचा होता. त्याच्यासाठी बीथोवन हे नाव म्हणजे हा माणूस: मेखलनच्या बेकरीवाल्याचा मुलगा, ज्याने गळ्याच्या जोरावर दरबार गाठला. केसांची बट ते नातं ठरवू शकत नाही, आणि वंशावळीच्या अभ्यासकाने तसा प्रयत्नही करू नये. नाव कुणी दिलं, कुणी घेतलं आणि कुणी लावलं, हा आपला विषय. रक्त हा वेगळा विषय आहे आणि त्याची साधनंही वेगळी आहेत. दोन्ही एकमेकांशी ताडून पाहावीत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला लावू नये.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट, कारण अशा व्याख्यानानंतर हा प्रश्न येतोच: ही माणसं आज शोधायची कशी? बेल्जियममध्ये. पण तिथल्या याद्यांत ती 'ब'खाली सापडणार नाहीत. बेल्जियममध्ये 'व्हान' मोठ्या अक्षराने लिहितात आणि तो आडनावाचाच भाग धरतात, त्यामुळे 'व्ही' अक्षराखाली बघावं लागतं. सीमा ओलांडून नेदरलँड्समध्ये गेलात तर तोच 'व्हान' बाजूला ठेवून नाव 'बी'खाली लावतात. दोन्ही देशांच्या याद्या एकत्र करताना हे विसरलात, तर घराणं हाताशी असूनही नजरेतून सुटतं.